गाडीचा तोंडी व्यवहार फिसकटला तर: कोणती पावलं, कोणत्या क्रमाने

जुन्या गाडीच्या व्यवहारात वाद झाला की लोक बहुधा एकाच क्रमाने चुकतात. आधी फोनवर भांडण होतं. मग रागाच्या भरात चॅट डिलीट होते, नंबर ब्लॉक होतो. त्यानंतर पोलीस ठाण्याची फेरी होते आणि "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा" असं ऐकून माणूस घरी येतो. वकिलाकडे पोचेपर्यंत चार-सहा महिने गेलेले असतात आणि निम्मा पुरावा हातातून निसटलेला असतो.

ही पावलं खरं तर जवळपास उलट्या क्रमाने टाकायची असतात. हा लेख भारतातल्या कायद्याला धरून आहे आणि दोन खासगी माणसांमधल्या व्यवहाराबद्दल आहे. मधे डीलर असेल तर काही गोष्टी बदलतात, त्या सातव्या पायरीत येतील.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. "बाँड पेपरवर काही नाही, म्हणजे व्यवहारच झाला नाही" हे चूक आहे. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ५ नुसार विक्रीचा करार लेखी, तोंडी किंवा थोडा लेखी-थोडा तोंडी असा कसाही होऊ शकतो, आणि गाडी ही जंगम मालमत्ता आहे. जमिनीच्या व्यवहारातली दस्त-नोंदणीची सवय लोक इथे आणतात आणि विनाकारण हातपाय गाळतात. मात्र काय ठरलं होतं हे सिद्ध करण्याचं ओझं, जो दावा करतो त्याच्यावर असतं. पुढचं सगळं या ओझ्याभोवती फिरतं.

## पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि लिहा: कोणी, काय करायचं कबूल केलं होतं, आणि काय केलं नाही. "मला फसवलं" हे वाक्य चालणार नाही. "आरसी नावावर करून देण्यासाठी बँकेचं एनओसी महिन्याभरात आणून देणार होता, दिलं नाही" हे चालेल.

बहुतेक वाद चारांपैकी एका खणात बसतात. गाडी दिली, पण पैसे पूर्ण आले नाहीत. पैसे किंवा टोकन दिलं, पण गाडी दिली नाही, दुसऱ्यालाच विकली. गाडी आणि पैसे दोन्ही हस्तांतरित झाले, पण आरसी नावावर होत नाही. किंवा गाडीबद्दल जे सांगितलं ते खोटं निघालं: अपघात, बुडालेली गाडी, मागे फिरवलेलं मीटर, न सांगितलेलं कर्ज.

खण ठरवायचा तो यासाठी की मागणी वेगवेगळी असते. पहिल्यात उरलेली रक्कम मागायची. दुसऱ्यात दिलेले पैसे, आणि तशीच गाडी दुसरीकडे महाग पडली असेल तर तो फरक. तिसऱ्यात कागद. चौथ्यात एक तर व्यवहार रद्द करून पैसे परत, नाही तर गाडी ठेवून नुकसानभरपाई. चौथ्या खणातली माणसं हमखास दोन्ही मागतात, गाडीही हवी आणि सगळे पैसेही परत हवेत. असा दावा पहिल्याच तारखेला लंगडा पडतो.

तपासा: तुमचं वाक्य तिऱ्हाइताला वाचून दाखवा. "म्हणजे तुला नक्की काय हवंय?" असं त्याने विचारलं तर वाक्य अजून झालेलं नाही.

## पायरी २: गाडी कागदावर कोणाची आहे ते आजच पाहा

ही पायरी प्रामुख्याने विकणाऱ्यासाठी आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गाडीची मालकी, म्हणजे ती कोणाची झाली, हे दोघांमध्ये ठरलेल्या इराद्यावर अवलंबून असतं. पैसे देऊन गाडी ताब्यात घेतली तर आरसीवर नाव चढण्याआधीही घेणारा आपसात मालक झालेला असू शकतो. पण रस्त्यावरच्या अपघाताची जबाबदारी पाहताना मोटार वाहन कायदा, १९८८ ची व्याख्या लागते. तिच्यानुसार साधारणपणे ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. अपघाताची भरपाई त्या नोंदणीकृत मालकावर आली. गाडी त्याने कधीच विकली होती, हा बचाव चालला नाही.

म्हणून विकणाऱ्याने भांडण बाजूला ठेवून आधी हे करावं:

१. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून सध्याची नोंद पाहा. मालक, विमा, कर्जाचा बोजा हे सगळं तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

२. नाव बदललेलं नसेल तर आरटीओला लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने हस्तांतराची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते, ती फॉर्म २९ मधून. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, तो फॉर्म ३० मधून. मुदत उलटली असली तरी कळवा. घेणारा सही करत नसेल तर साध्या अर्जात व्यवहाराची तारीख, त्याचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि पैसे मिळाल्याचा तपशील लिहून द्या. आवक शिक्का मारलेली स्थळप्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

३. विमा कंपनीला ईमेल करा. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने घेणाऱ्याकडे गेला असं मानलं जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप जात नाही. ते नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याला १४ दिवस असतात.

४. फास्टॅग बंद करा, पण त्याआधी त्याचं स्टेटमेंट काढून घ्या.

हे स्टेटमेंट किती कामाचं असतं ते सांगतो. समजा घेणारा म्हणतो, "गाडी मी घेतलीच नाही, फक्त दोन दिवस चालवून बघायला नेली होती." तुमच्या फास्टॅगमधून त्यानंतर सलग सहा आठवडे त्याच्या गावच्या रस्त्यावरच्या टोलनाक्यावर पैसे कापले गेले आहेत, प्रत्येक नोंद तारीख-वेळेसकट. ई-चलानचंही तेच. दंड तुमच्या नावावर आला म्हणून चिडून तो भरून मोकळे होऊ नका. त्यातला गाडीचा फोटो, ठिकाण आणि वेळ आधी उतरवून घ्या. गाडी कोणाच्या ताब्यात होती हे सांगणारे इतके तटस्थ साक्षीदार शोधून सापडत नाहीत.

थांबा: कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटच्या हातात दिले असतील, तर गाडी कोणाच्या नावावर जाणार, कधी जाणार, यावर तुमचा ताबा राहिलेला नाही. वरचा अर्ज त्यामुळे अधिकच तातडीचा.

थांबा: दुसरी चावी आपल्याकडे आहे म्हणून रात्रीतून गाडी उचलून आणू नका. पैसे थकले असले तरी ताबा आणि मालकी दिलेली गाडी परस्पर नेली तर चोरीची तक्रार तुमच्यावरच होते. "गाडी चोरीला गेली" अशी खोटी तक्रार देणं त्याहून वाईट.

## पायरी ३: पुरावा आहे तसा गोठवा

समोरच्याला वादाची कुणकुण लागण्याआधी हे झालं पाहिजे. ऑनलाइन जाहिरात काढून टाकायला अर्धं मिनिट लागतं.

जाहिरात. "सिंगल ओनर, अपघात नाही, सर्व्हिस रेकॉर्ड उपलब्ध" असं जाहिरातीत असेल तर तोंडी व्यवहारातलं हे विकणाऱ्याचं लेखी विधान आहे. पूर्ण पान, लिंक, तारीख आणि जाहिरात देणाऱ्याचं प्रोफाइल दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

व्हॉट्सॲप. सगळ्यात आधी आपोआप मेसेज पुसले जाण्याची सेटिंग बंद करा. मग चॅट मीडियासह एक्सपोर्ट करा. चॅटमधलं तुमच्या विरोधात जाणारं वाक्यही ठेवा. ते समोरच्याच्या फोनमध्ये आहेच, आणि तुमच्याकडे तेवढंच नाही म्हटल्यावर उरलेल्यावरचाही विश्वास उडतो.

पैशांची वाट. बँक स्टेटमेंट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चेकची प्रत. रोख दिलं असेल तर ते कुठून आलं ते दाखवा: त्या दिवशीची एटीएममधली काढणूक, भावाकडून घेतलेले उसने, मोडलेली ठेव. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर आयकराचा प्रश्नही उभा राहतो, कारण एका व्यवहारासाठी एवढी रोकड घेण्यास मनाई आहे आणि दंड रोकड घेणाऱ्यावर, म्हणजे गाडी विकणाऱ्यावर पडतो. ही गोष्ट वकिलापासून लपवू नका. समोरच्याचा वकील ती उलटतपासणीत काढणारच आहे.

कॉल रेकॉर्डिंग. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपा. विकू नका, फॉरमॅट मारू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. "फक्त कामाचा तुकडा" कापून ठेवणं ही नेहमीची चूक. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ. त्यात फाइलचं हॅश मूल्य नमूद करायचं असतं. हे हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक सेकंद कापला तरी अंगठा बदलतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पुढे पाठवलेली प्रतिमा आकुंचन पावते, म्हणजे तीही आता वेगळी फाइल असते. मूळ फाइल केबलने पेनड्राइव्हवर घ्या आणि मूळ जागीही राहू द्या.

हे प्रमाणपत्र जुन्या कायद्यातही लागायचं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते का आणि केव्हा आवश्यक, हे स्पष्ट केलं. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी होते, हेही त्यात आलं. फोन जपायला सांगतो ते उगाच नाही.

साक्षीदार. सौदा ठरताना जो प्रत्यक्ष हजर होता आणि ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं, तोच साक्षीदार. "मला नंतर याने सांगितलं" म्हणणारे दहा मित्र उपयोगाचे नाहीत. गाडी तपासायला नेलेला मेकॅनिक हा बऱ्याचदा सगळ्यात चांगला साक्षीदार ठरतो, कारण त्याचं दोघांशीही नातं नसतं. त्याला आत्ताच विचारून ठेवा. वर्षभराने त्याला गाडीचा रंगही आठवणार नाही.

स्वतःची टिपण. आज, अजून आठवतंय तोवर, तारीखवार लिहून काढा: कुठे भेटलात, कोण कोण होतं, आकडा कुठून कुठे आला, चावी कोणत्या दिवशी हातात आली. कोर्टात जबाब द्यायची वेळ येते तेव्हा माणसं "साधारण दिवाळीच्या सुमारास" वर येतात, आणि उलटतपासणीत दिवाळीची तारीख विचारली जाते.

तपासा: गडबडीत सही केलेलं डिलिव्हरी लेटर आहे का? "गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली, कोणतीही तक्रार नाही" अशी ओळ त्या छापील कागदावर असते. लेखी अटीला छेद देणारी तोंडी अट सिद्ध करायला कायदा सहसा वाव देत नाही. फसवणूक दाखवता आली तर गोष्ट वेगळी. असा कागद असेल तर तो वकिलाला पहिल्या भेटीत दाखवा.

## पायरी ४: तोंडी ठरलेलं समोरच्याकडून लेखी वदवून घ्या

मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हे, आणि त्याला खर्च शून्य.

संबंध पूर्ण तुटण्याआधी एक शांत मेसेज पाठवायचा. उदाहरणार्थ, घेणाऱ्याने:

"नमस्कार साहेब. १२ तारखेला तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपली गाडी ३,४०,००० रुपयांना ठरली. त्या दिवशी मी ५०,००० यूपीआयने दिले, १५ तारखेला २,४०,००० बँकेतून पाठवले आणि चावी घेतली. उरलेले ५०,००० आरसी माझ्या नावावर झाल्यावर द्यायचं ठरलं होतं. बँकेचं एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवण्यासाठीचा फॉर्म ३५ तुम्ही महिन्याभरात देणार होता. आज पाच आठवडे झाले. कागद कधीपर्यंत मिळतील ते सांगा, म्हणजे मी उरलेल्या पैशांची सोय करून ठेवतो."

यात आरोप एकही नाही. तारीख, जागा, आकडे, अट सगळं ओघात आलंय, आणि शेवटी असा प्रश्न आहे की त्याला सरळ उत्तर दिलं तर वरचं सगळं मान्य केल्यासारखं होतं. समोरून "अहो देतो ना, बँकेत जरा गडबड चालू आहे" एवढं आलं तरी एनओसी देणं हे त्याचं काम होतं, याची ती कबुली आहे. "३,४० नाही, ३,६० ठरले होते" असं आलं तरीही फायदाच आहे, कारण सौदा झाला हे आता वादातीत आहे, वाद फक्त २०,००० चा उरला.

विकणाऱ्याने याच धर्तीवर लिहावं: गाडी कधी दिली, किती आले, किती राहिले, कधी द्यायचं ठरलं, आणि "एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत चालेल का?" हप्त्यांची विनंती मान्य झाली की बाकी रक्कम मान्य झाली.

नेहमीच्या चुका: व्हॉइस नोट पाठवणं (समोरचाही व्हॉइस नोटनेच उत्तर देतो आणि अर्धं ऐकू येत नाही), एका मेसेजमध्ये चार विषय, "बघून घेतो", "गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही" ही भाषा. अशा एका ओळीवर समोरचा तुमच्याविरुद्ध धमकीची तक्रार देऊन येतो आणि मग तुमचा वेळ त्यातच जातो.

उत्तर आलंच नाही तर चार दिवसांनी एकदा आठवण करा आणि थांबा. वीस मेसेज पाठवू नका.

## पायरी ५: गाडीत दोष निघाला असेल तर चाक थांबवा

ही पायरी फक्त चौथ्या खणातल्या घेणाऱ्यांसाठी.

आधी एक कटू गोष्ट. विकणाऱ्याने दोष सांगितला नाही, एवढ्यावर सहसा फसवणूक होत नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम १७ चं स्पष्टीकरण तसं सांगतं: नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, बोलणं हे कर्तव्य असेल किंवा गप्प राहणंच बोलण्यासारखं असेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही "अपघात झाला होता का?" विचारलं आणि तो "नाही" म्हणाला, तर ते विधान झालं. सगळा फरक तुमच्या प्रश्नात आणि त्याच्या उत्तरात आहे. तो प्रश्न विचारल्याचा पुरावा शोधा: मेसेज, रेकॉर्डिंग, जवळ उभा असलेला मेकॅनिक.

दुसरी कटू गोष्ट. साधारण काळजी घेतली असती तर दोष कळला असता, अशी परिस्थिती असेल तर चुकीच्या माहितीच्या आधारे करार रद्द करण्याचा हक्क अडचणीत येतो. म्हणून खरेदीआधी गाडी दाखवलीत की नाही, हे विचारलं जाणारच.

मग क्रम असा. दोष लक्षात येताच गाडी वापरणं बंद करा आणि ओडोमीटरचा फोटो काढा. त्याच दिवशी विकणाऱ्याला लेखी कळवा की गाडी तुम्हाला मान्य नाही आणि ती परत न्यावी. दोष कळूनही गाडी तीन महिने चालवली, त्यावर नवे टायर घातले, सहलीला नेली, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही माल स्वीकारला. त्यानंतर बहुधा भरपाईच मागता येते, गाडी परत करता येत नाही.

तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करा आणि लेखी अहवाल घ्या. चेसिस नंबर टाकला की तिथल्या नोंदीत मागची बिलं निघतात, प्रत्येक बिलावर त्या वेळचं किलोमीटर असतं. ४ वर्षांपूर्वीच्या बिलावर ८१,००० आणि आज मीटरवर ५४,००० असेल, तर आणखी काही बोलायची गरज राहत नाही. अपघाताच्या विम्याच्या दाव्याचाही माग त्याच नोंदींतून लागू शकतो.

थांबा: तपासणीआधी दुरुस्ती करून घेऊ नका. दुरुस्ती झाली की दोष होता हे दाखवणारी वस्तूच नाहीशी होते. करणं भागच असेल तर आधी फोटो, व्हिडिओ आणि अहवाल, आणि काढलेले जुने भाग गोणीत भरून जपून ठेवा.

## पायरी ६: नोटीस

दोन खासगी व्यक्तींमधल्या अशा दाव्याआधी नोटीस सक्तीची नसते. तरीही पाठवा, कारण निम्मे वाद इथे मिटतात. शिवाय नोटिशीला उत्तर आलं तर त्यातही काहीतरी कबूल होतंच.

पहिल्या पायरीतलं वाक्य, मग तारीखवार हकीकत, मग मागणीचा नेमका आकडा आणि १५ दिवसांसारखी ठरावीक मुदत. पोचपावतीसह टपालाने पाठवा, त्याची प्रत ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही. पाकीट "घेण्यास नकार" शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा.

नोटिशीत आकडा फुगवू नका. ५०,००० बाकी आहेत आणि "मानसिक त्रासाचे ५ लाख" मागितले, की समोरच्याला तुमचं प्रकरण गंभीर वाटत नाही. मेसेजमध्ये एक तारीख आणि नोटिशीत दुसरी, हेही वारंवार होतं. वकिलाचा मसुदा टपालात जाण्याआधी तुम्ही स्वतः टिपणाशी ताडून बघा. त्याच्याकडे अशा वीस फायली असतात.

चेक न वटल्याचं प्रकरण असेल तर वेळापत्रक वेगळं आणि कडक आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी, ती पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार. तो "थांबा, पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत राहतो आणि पहिले ३० दिवस संपतात. चेकची मुदत, म्हणजे तारखेपासून ३ महिने, शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो. तीही उलटली असेल तर हा रस्ता बंद, फक्त दिवाणी दावा उरतो.

## पायरी ७: कोणाचं दार ठोठवायचं

पोलीस. करार मोडणं हा आपोआप गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू होता, हे दिसावं लागतं. एकच गाडी तिघांना विकून तिघांकडून टोकन घेणं, दुसऱ्याची गाडी आपली म्हणून विकणं, खोटी आरसी, बदललेला चेसिस नंबर: इथे पोलिसांकडेच जायचं आणि लगेच जायचं. "उरलेले पैसे देत नाही" एवढंच असेल तर पोलीस ठाण्यात घालवलेला वेळ वाया जातो.

ग्राहक आयोग. शेजाऱ्याने स्वतःची वापरलेली गाडी एकदा विकली, तर तो व्यापारी होत नाही, आणि तिथे तक्रार सहसा टिकत नाही. विकणारा डीलर असेल, किंवा मधल्या कंपनीने तपासणीचं आणि हस्तांतराचं शुल्क घेतलं असेल, तर हा मार्ग खुला होतो. मुदत २ वर्षांची. म्हणून पैसे नक्की कोणाच्या खात्यात गेले ते पाहा. व्यक्तीकडून घेतली म्हणता आणि पैसे फर्मच्या खात्यात गेलेले दिसतात, असंही निघतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते त्याच्याकडे आहे का हेही विचारा.

लोकअदालत. रक्कम छोटी आणि समोरचा बोलायला तयार असेल तर दाव्याआधीच तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र काही होत नाही.

दिवाणी न्यायालय. जिथे प्रतिवादी राहतो, किंवा जिथे सौदा वा गाडीची सुपूर्दगी झाली, तिथे. घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर "पार्किंगमध्ये ठरली" हे मेसेजमधलं वाक्य इथे कामाला येतं. मुदत साधारण ३ वर्षांची: विक्रीच्या रकमेसाठी गाडी दिल्यापासून, उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून. नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. हा समज इतका पक्का असतो की लोक दरवर्षी एक नोटीस पाठवून निश्चिंत राहतात.

टोकनबद्दल एवढंच. "सौदा मोडला तर टोकन गेलं" अशी अट ठरली होती, हे जो टोकन ठेवून घेतो त्याला दाखवावं लागतं. अट नसेल तर आपलं खरंच किती नुकसान झालं, हे त्याने सांगायचं. दुसऱ्याच आठवड्यात तीच गाडी जास्त किमतीला गेली असेल तर ते नुकसान सांगणं अवघड आहे.

## पायरी ८: तडजोड झाली तर टेबलावरचा क्रम

तोंडी व्यवहारामुळे झालेलं भांडण पुन्हा तोंडीच मिटवणारे लोक मी पाहिले आहेत. सहा महिन्यांनी तेच पुन्हा समोर येतात.

तडजोड लेखी करा: गाडीचा नंबर, चेसिस नंबर, मूळ सौद्याची तारीख, आत्ता कोण किती देणार, कोणते कागद देणार, आणि यानंतर एकमेकांवर काही मागणी नाही हे वाक्य. शेवटचं वाक्य पैसे आणि कागद दोन्ही पोचल्यावरच लागू होईल असं लिहा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. नोटरी केली तर चांगलंच, पण नोटरीने आरसीवरचं नाव बदलत नाही.

मग प्रत्यक्ष देवाणघेवाण, शक्यतो आरटीओच्या आवारातच. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरलेले, तारखेसह. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं एनओसी. प्रलंबित चलानं भरल्याच्या पावत्या. कागद खिडकीवर स्वीकारले गेले आणि अर्ज क्रमांक हातात आला की उरलेली रक्कम तिथेच उभं राहून पाठवा. सुपूर्दगीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा. एकाच दिवशी दुपारी गाडी दिली आणि संध्याकाळी चलान आलं, तर ते कोणाचं हे त्या वेळेवरूनच ठरतं. दहा-बारा दिवसांनी एमपरिवहनवर नाव बदललेलं दिसेपर्यंत जुन्या चॅट, रेकॉर्डिंग आणि फोन यांतलं काहीही पुसू नका.